चार फूट बाय चार फूट: पडवीतल्या कावी भिंतीच्या कामाच्या नोंदी

11 सप्टेंबर 2025
गणेश चवथ आटोपली, पाऊस अजून आहे. जागा: फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराची पडवी, पूर्वेकडची आतली भिंत. माणसं चार, सगळी नोकरीतून मोकळी झालेली, सगळ्यात तरुण 61 वर्षांचा. चित्रकलेचा हात चौघांनाही आहे, पण कागदावरचा. कावी म्हणजे कागद नव्हे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं बरं. पांढऱ्या चुन्याच्या थरावर काव, म्हणजे लाल माती, मिसळलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. ब्रश नाही, खोडरबर नाही.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. खालच्या दीड फुटाला ओल चढलेली दिसते, तिथे काही करायचं नाही. चित्र जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होईल आणि साडेसहा फुटांवर संपेल. त्याहून वर नेलं तर हात फार उंच धरून काम करावं लागेल. साठीनंतर ते पंधरा मिनिटांपलीकडे जमत नाही आणि रेषा लगेच सांगते.

भिंतीवर मध्यंतरी कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला आहे. तो पूर्ण काढावा लागणार. सिमेंट घट्ट असतं, पाणी शोषत नाही, शिवाय त्यातले क्षार वर येतात. चुन्याला पकड मिळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो.

13 सप्टेंबर
चुना भिजवला. शिंपल्यांची चुनकळी, म्हणजे शिंपले भाजून केलेला न विझवलेला चुना, 12 किलो. एका किलोचा साधारण दोन लिटर लगदा होतो, म्हणजे 24–25 लिटर हाती येईल. हिशेबाने भिंतीला 14 लिटर पुरेल, बाकीचा नमुन्यांना आणि वाया जायला.

भांडं लोखंडी अर्धं पिंप. प्लास्टिकचं नको, पाणी उकळायला लागतं. आधी पाणी 36 लिटर, मग त्यात कळी थोडी थोडी सोडायची. उलट केलं, म्हणजे कळीवर पाणी ओतलं, तर चुना उसळून अंगावर येतो. डोळ्याला गॉगल, हाताला कोपरापर्यंत रबरी मोजे, बाजूला स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्याने या दिवशी पिंपाजवळ यायचं नाही, असं ठरलं. त्याने लांबून वेळ लिहून घेतली: कळी टाकल्यावर चार मिनिटांत वाफ, अकराव्या मिनिटाला उकळी, पाऊण तासाने शांत.

दुसऱ्या दिवशी बारीक चाळणीतून गाळला. चाळणीत राहिलेले जास्त भाजलेले, न विझलेले कळीचे तुकडे फेकून दिले. ते आत राहिले तर महिन्यांनी ओल शोषून फुगतात आणि पृष्ठभागावर वाटाण्याएवढे खड्डे पाडतात. लगद्यावर कायम चार बोटं पाणी ठेवायचं. हे वरचं पाणी, म्हणजे निवळी, टाकायची नाही, पुढे लागते.

20 सप्टेंबर
काव. आंगणातल्या चिऱ्याचा भुगा आणि डोंगराच्या कडेची लाल माती, दोन्ही आणून बघितली. कुटून, बादलीभर पाण्यात ढवळून, एक मिनिट थांबून वरचं लाल पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं. तळाची रेती टाकून द्यायची. असं तीनदा. मग एक रात्र बसू द्यायचं, वरचं पाणी काढायचं आणि गाळ ताटात पसरून सुकवायचा. पाच किलो मातीतून 900 ग्रॅमच्या आसपास पीठ मिळालं. पावसात सुकायला पाच दिवस गेले, हे काम खरं तर उन्हाळ्याचं.

हार्डवेअरच्या दुकानातलं रेड ऑक्साइडही आणलं. त्याची परीक्षा सोपी: काचेच्या पेल्यात निवळी घ्यायची, चमचाभर रंग टाकून ढवळायचा आणि आठवडाभर ठेवायचा. ऑक्साइड तळाशी बसून वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पाणी गुलाबी किंवा नारिंगी झालं तर त्यात कापडाचा रंग मिसळलेला आहे, तो चुन्यात टिकत नाही. दोन पुड्यांपैकी एक नापास.

4 ऑक्टोबर
हत्यारं. सायकलच्या चाकाची तार घासून टोक केलेली, तीन. हॅकसॉचं मोडकं पातं घासून 2 मिमी आणि 5 मिमी रुंदीच्या पटाशा. दातांच्या डॉक्टरांकडची जुनी वाकडी सळी एक, ही आतल्या कोपऱ्यांना सोन्यासारखी. कंपास लोखंडी, दोन्ही टोकं सुयांची. सगळ्या मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळून अंगठ्याएवढी जाडी केली. बोटांचे सांधे धरत असतील तर बारीक मूठ अर्ध्या तासात हात सोडायला लावते.

हात टेकवायची काठी: एक मीटर वेत, टोकाला कापडाचा गोळा. गोळा चित्राबाहेरच्या भिंतीवर टेकतो, उजवं मनगट वेतावर. कंप असलेल्या हातालाही यामुळे सरळ रेष येते. वेत नसेल तर मच्छरदाणीची काठी चालते.

चष्मा हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, 35–40 सेमीचा. भिंत मात्र 55–60 सेमीवर असते. प्रोग्रेसिव्ह काचांतून बघायला मान मागे टाकावी लागते आणि तासाभरात मान धरते. चष्म्याच्या दुकानात अंतर मोजून सांगितलं की फक्त त्या अंतराचा साधा चष्मा करून मिळतो. चौघांपैकी तिघांनी केला.

दिवा समोरून नको. भिंतीला लागून, बाजूने तिरपा. सावली पडली की खरवडलेली रेष दिसते. समोरच्या उजेडात ओला लाल नुसता चकाकतो.

9 ऑक्टोबर
मोरजीच्या मोरजाई मंदिरातलं कावी काम बघून आलो. पेडणे, बार्देश, डिचोलीकडे जुन्या मंदिरांत हे काम आहे, आणि गोव्यातून ते खाली कर्नाटकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेलं आहे. बघताना चित्र काय आहे याकडे कमी आणि रेषेच्या कडेकडे जास्त लक्ष द्यावं. लाल भाग किंचित वर, पांढरा किंचित खाली. बाजूने बघितलं की कळतं. बोट लावायचं नाही. फोटो आधी विचारून, फ्लॅशविना.

एक गोष्ट लगेच कामाला आली: लाल ठिपका एकटा, चारी बाजूंनी पांढऱ्याने वेढलेला, फार बारीक ठेवायचा नाही. त्यातूनच नियम: लाल बेट 5 मिमीपेक्षा लहान नको, पांढरी रेष 2 मिमीपेक्षा बारीक नको. लहान बेट निसटून पडतं, बारीक रेष घोटताना बुजते.

12 ऑक्टोबर
नमुने. 9 इंची लाल मातीच्या फरशीच्या खरबरीत मागच्या बाजूवर. फरशी रात्रभर पाण्यात. टेबलावर बसून काम, त्यामुळे पाठीला त्रास नाही. ज्याला भिंतीसमोर उभं राहायचंच नाही त्याने फरशांवरच कावी करावी, त्यात कमीपणा काही नाही.

लाल मिश्रणं तीन, मापं भागांत:
अ. लगदा 10, धुतलेली काव 5.
ब. लगदा 10, ऑक्साइड 1, रेती नाही.
क. लगदा 10, काव 3, ऑक्साइड 1, बारीक चाळलेली रेती 4.

पांढरा थर तिन्हींना एकच: लगदा 1, पांढरी संगमरवरी पूड 1, जाडी 3 मिमी. लाल थर दीड मिमी. ऑक्साइड आणि पूड चाळताना तोंडाला मास्क.

वेळ घड्याळ लावून मोजली. पांढरा लावल्यापासून अडीच तासांनी लाल. लाल लावल्यापासून 50 मिनिटांनी कोरायला सुरुवात. साडेचार तासांनी टवके उडायला लागले, तिथे थांबलो. एका माणसाने 9 इंची फरशी पूर्ण करायला 3 तास 10 मिनिटं घेतली.

25 ऑक्टोबर
दिवाळी झाली. नरकासुराचे पुतळे करण्याच्या धांदलीत गावातला एकही मेस्त (गवंडी) आठवडाभर मिळाला नाही. फरशा आता पूर्ण सुकल्या आहेत.

अ ला जाळीसारख्या भेगा. काव म्हणजे शेवटी चिकणमाती, सुकताना आक्रसते. ब चा रंग ओला असताना डाळिंबी होता, आता फिका विटकरी, आणि बोट फिरवलं की बोट लाल होतं. क उत्तम. तरी तोही ओल्यापेक्षा दोन छटा फिका झाला आहे. चुना पांढरा, त्यामुळे प्रत्येक लाल गुलाबीकडे ओढला जातो. रंग वाढवत गेलो तर धरून ठेवणारा चुना कमी पडतो. यावर उपाय: लाल थर लावून झाल्यावर, तो ओला असतानाच, निवळीत कालवलेल्या कावेचा पातळ हात ब्रशने द्यायचा आणि थापीने दाबून बसवायचा. गडदपणा वरच्या कागदाएवढ्या थरात येतो, खालची मजबुती तशीच राहते.

रंगाचा निर्णय दहा दिवसांनी, सकाळच्या उजेडात, आणि आठवणीवर नाही तर क फरशी शेजारी धरून. मोतीबिंदू पिकत असलेल्या डोळ्याला पांढरा आणि पिवळसर यांतला फरक कळत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याचं मत शेवटचं मानायचं.

आता मुख्य गोष्ट. चार बाय चार फुटांचं एकसंध कमळ काढायचा बेत होता, तो रद्द. सोळा चौरस फूट, हातात फार तर साडेतीन तास, कोरणारे एका वेळी दोघंच मावतात. मेस्त मंडळी एवढं भराभर करत असतील, इथे ते होणार नाही. चित्राचा आकार कागदावर ठरवायचा नाही, घड्याळावर ठरवायचा. नवा आराखडा: एक फुटाचे नऊ चौकोन, तीन-तीनच्या ओळीत, मध्ये आणि कडेने 3 इंची पट्ट्या. 36 इंच चौकोनांचे अधिक चार पट्ट्यांचे 12, बरोबर चार फूट. एका दिवशी एक चौकोन. जोड पट्टीच्या कडेला येतो, तिथे तसंही रेष आहे, म्हणून दिसत नाही.

चौकोनांत: मधोमध कमळ, कोपऱ्यांत समई, मधल्या चारांत मोर, कासव, तुळशी वृंदावन आणि नारळाची झावळी. पट्ट्यांना पिळाची दोरी.

31 ऑक्टोबर
गिलावा काढला. छिन्नीचा कोन भिंतीला जवळजवळ समांतर ठेवायचा, नाहीतर चिऱ्याचे लचके निघतात. सांधे दीड सेमी खोल खरवडून, ताठ ब्रशने झाडून, पाणी मारून घेतले.

खालच्या थरांचं मिश्रण आजपासून मुरत ठेवलं. नदीची रेती 21 लिटर, लगदा 9 लिटर, गूळ 120 ग्रॅम पाण्यात विरघळवून. रेतीची बाटलीत परीक्षा केली: बाटली अर्धी रेती, वर पाणी, हलवून तासभर ठेवली. वर गाळाचा थर रेतीच्या विसाव्या हिश्शापेक्षा जाड असेल तर धुवावी. किनाऱ्यावरची रेती घेऊच नये. मीठ पुढच्या पावसात पांढऱ्या मिशांसारखं बाहेर येतं.

गूळ उसाचा, फिका. माडाचा गूळ इथे सहज मिळतो, पण त्याने मिश्रण तपकिरी होतं. खालच्या थराला चालेल, वरच्याला नाही. गूळ वाढवला तर चुना मऊ होतो हे खरं, पण धरायलाही उशीर करतो. ओलं गोणपाट झाकून पंधरा दिवस, रोज मुसळाने वीस मिनिटं कुटायचं. कोरडं वाटलं तरी पाणी घालायचं नाही. कुटलं की आपोआप सैल होतं. जितकं पाणी कमी, तितक्या भेगा कमी.

15 नोव्हेंबर
पहिला थर, 9 मिमी, मेस्तांकडून. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंत भिजवली. हा थर चौघांनी लावायचा हट्ट धरला नाही. थापीने जोरात मारून बसवणं हे मनगटाचं काम आहे, ते 70 वर्षांच्या मनगटाला देऊ नये. ओला असताना खिळ्याने तिरप्या रेघा मारल्या.

25 नोव्हेंबर
दुसरा थर, 5 मिमी, लाकडी गुरमाळ्याने. लोखंडी थापीने गुळगुळीत केला तर वरचा पांढरा धरत नाही, खरबरीतच ठेवायचा. थर सुकल्यावर बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघितलं. डावीकडे खाली वीतभर जागी बद्द आवाज. फोडला तर आत सिमेंटचा उरलेला तुकडा. तेवढं कापून पुन्हा भरलं.

8 डिसेंबर
पहिला चौकोन, खालचा डावा, समई. सुरुवात सगळ्यात सोप्यापासून, कमळ शेवटी.

एका चौकोनाला पांढरं मिश्रण 350 मिली, लाल 200 मिली. थोडं उरतं, ते पुढच्या दिवशी वापरायचं नाही.
7.00 भिंत भिजवली. 7.40 पांढरा थर. 10.15 लाल. लाल कधी लावायचा हे मेस्तांनी दाखवलं: “मास्तर, बोट टेकवून बघा. गार लागलं पाहिजे, पण चुना बोटाला येता नये.” पांढरा फार ओला असताना लावला तर लाल त्यात मुरतो आणि रेष गुलाबी निघते, फार सुकल्यावर लावला तर पापुद्र्यासारखा उचलला जातो.
10.30 कावेचा पातळ हात, थापीने दाबून. 11.05 खाका लावला. ट्रेसिंग कागदावर सुईने भोकं पाडलेली असतात, त्यावर चुन्याच्या कोरड्या पुडीची मलमलची पुरचुंडी आपटायची. लालवर पांढरे ठिपके उठतात.
11.15 ते 1.50 कोरणं. दोघं, आळीपाळीने 25 मिनिटं. आधी तारेने कड मारायची, मग पटाशीने आतला लाल काढायचा. पटाशी खेचायची, ढकलायची नाही. ढकलली की समोर बांध उभा राहतो. पडणारा लाल भुगा हाताने पुसायचा नाही, पांढऱ्यावर डाग बसतो. मऊ कोरडा ब्रश, वरून खाली.
2.15 नदीच्या गोट्याने घोटलं. गोटा अंड्याएवढा, गुळगुळीत, कोरडा. लहान गोल फेऱ्या, फक्त लालवर.

समईची वात 4 मिमीची ठेवली होती. ती गोट्याबरोबर निघून आली. नियम 5 मिमीचा होता.

13 डिसेंबर
चौकोन दुसरा. खूप उकडत होतं म्हणून पडवीतला पंखा लावला. तासाभरात उजवी कड उचलली आणि कोरताना टवके उडाले. पूर्ण चौकोन ओला असतानाच खरवडून काढला, खालच्या थरापर्यंत, कड 45 अंशात तिरपी कापून. दुरुस्ती करत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. 550 मिली माल आणि एक सकाळ, एवढंच नुकसान. पंखा आता कोरणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या पाठीवर. भिंतीवर वारा नाही. दक्षिणेकडच्या बाजूला ओली चादर टांगली.

16 ते 31 डिसेंबर
चौकोन दोन ते सात. सांगण्यासारखं थोडं. सकाळ थंड असली की पांढरा तीन तास घेतो. कासवाच्या पाठीची षटकोनी जाळी कंपासने आखली, वर्तुळाची त्रिज्या सहा वेळा फिरवून. खाक्यापेक्षा अचूक येते. दोघांमधले हात वेगळे ओळखू येतात: एकाची रेष खोल, दुसऱ्याची उथळ. म्हणून एका चौकोनाची कड एकानेच मारायची, आतलं काढायचं काम दुसऱ्याने करायचं.

10 जानेवारी 2026
कमळ झालं, आठवा आणि नववा चौकोन संपला. पाकळ्या सोळा. मध्यबिंदूला कंपासची सुई पुन्हा पुन्हा टोचल्याने भोक मोठं झालं. पुढच्या वेळी तिथे पत्र्याचा नाण्याएवढा तुकडा ठेवून त्यावर सुई टेकवावी.

24 जानेवारी
पट्ट्या चार दिवसांत संपल्या. एकूण सात चौरस फूट, दिवसाला पावणेदोन. दोरीचा पिळ सोपा, म्हणून एवढं झेपतं. जोडाची जुनी कड ब्रशने नीट भिजवली नाही तर तिथे केसाएवढी चीर पडते. दोन ठिकाणी पडली आहे.

2 फेब्रुवारी
वरच्या ओळीतल्या समईवर राखेसारखा पांढुरका थर. कारण पाणी. प्रत्येक चौकोनाला सात दिवस, दिवसातून तीनदा, बारीक फवारा द्यायचा असं ठरलं होतं. इथे उत्साहाने झारीने पाणी घातलं गेलं. पाणी आतला चुना विरघळवून वर आणतं आणि हवा लागली की तो तिथेच कठीण होतो. पहिल्या दिवसात कोरड्या कापडाने पुसला असता तर गेला असता. आता लिंबू, व्हिनेगर, काहीही लावायचं नाही. आंबट पदार्थ तो थर खातो आणि त्याच्याबरोबर खालचा लालही. तसंच ठेवलं.

उलट खालच्या मोराला पाणी कमी पडलं, रुमाल फिरवला की लाल येतो. त्याला निवळीचा फवारा, दिवसातून एकदा, दहा दिवस. पाच दिवसांत फरक आहे.

14 फेब्रुवारी
मोराचा रंग आता हाताला लागत नाही. दोन चिरा लगदा आणि संगमरवरी पुडीच्या पातळ मिश्रणाने सुईने भरल्या. वार्निश लावणार नाही. चुना अजून कित्येक महिने हवा घेऊन पक्का होत राहतो, आणि चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल बाहेर टाकायला वाट लागते.

उरलेला लगदा 7 लिटर, वर चार बोटं पाणी, झाकण बांधून पडवीच्या कोपऱ्यात. पिंपावर खडूने लिहिलं आहे: भिजवला 13-9-25. पुढचं काम तुळशी वृंदावनाच्या चार बाजू, प्रत्येकी सव्वा चौरस फूट. कोरणारे दोन, म्हणजे चार सकाळी.